ताईच्या फ्रिजचा लिलाव

लालबागच्या चाळीतली खोली महिनाअखेरीस रिकामी करून द्यायची होती आणि त्यानंतर ताई आमच्याकडे दादरला राहायला येणार होती. हे नक्की झालं त्या दिवशी मी सहज म्हणालो, "फ्रिज विकून टाकू. आमच्याकडे आहेच." तिची एक कटकट आपण कमी केली, अशी माझी समजूत होती. ताई ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"म्हणजे दूध कुठे ठेवायचं ते तुझ्या बायकोला विचारायचं."

"त्यात विचारायचं काय?"

"तेच म्हणतेय मी."

ताई माझ्याहून बरीच मोठी. लग्न केलं नाही. एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं आणि ते गेल्यावर त्या खोलीत कुणालाही न विचारता राहिली. चाळ पाडून टॉवर होणार हे कळल्यावर तिनं आधी करी रोडला भाड्याच्या खोल्या पाहिल्या. एकट्या बाईला, त्यातून या वयात, मालक जागा देत नाहीत असं एजंटांनी सांगितलं. बरोबर कोणी पुरुषमाणूस राहणार आहे का, असं एकानं विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, "शोधतेय. तुमच्याकडे आहे का कोणी?" एजंटनं पुन्हा फोन उचलला नाही. आमच्याकडे येण्याशिवाय तिला मार्ग नव्हता. राहता राहिला प्रश्न तो येण्याच्या तऱ्हेचा. ती पाहुणी म्हणून येणार होती की घरची म्हणून? हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्याचा फ्रिजशी संबंध असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

तो फ्रिजही साधा नव्हता. निवृत्त झाल्यावर ताईनं स्वतःसाठी घेतलेली ती एकमेव मोठी वस्तू. दोन दारांचा, खोलीच्या मानानं अवाढव्य. तो आत आणताना दाराची चौकट काढावी लागली होती. एकट्या बाईला एवढा फ्रिज कशाला, असं मजल्यावर बोललं गेलं आणि बोलणाऱ्या सगळ्यांनी आठवड्याभरात आपापले डबे त्यात आणून ठेवले. कुणाचं इन्सुलिन, कुणाची सोलकढी, पाहुणे आल्यावर कुणाचं श्रीखंड. गणपतीत मंडळाचे हार त्यातच राहत, त्यामुळे त्या दिवसांत ताईच्या दह्यालासुद्धा शेवंतीचा वास यायचा.

बिल्डरनं आम्हाला एक जाड गुळगुळीत पुस्तिका दिली होती. टॉवरला परदेशातल्या कुठल्याशा बागेचं नाव होतं आणि आत 'राजेशाही जीवनशैली' असा शब्दप्रयोग पानापानावर होता. जन्मभर मुद्रितं तपासून पोट भरलं असल्यामुळे मी ती पूर्ण वाचली. कारंज्याचं चित्र चार ठिकाणी होतं. चाळीतली माणसं मधल्या काळात कुठे राहणार याबद्दल अवाक्षर नव्हतं. ताईनं ती पुस्तिका फ्रिजच्या पुढच्या पायाखाली घातली. तिथे फरशी खचलेली होती.

खालच्या जुन्या सामानवाल्यानं फ्रिजची जी किंमत सांगितली ती ऐकून ताईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मग बंगळुरूला असलेल्या माझ्या मुलीनं फोनवरून तोडगा काढला. वापरलेल्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव करणारी एक साइट होती. फोटो टाकायचे, आठवडाभर बोली चालणार, शेवटी सगळ्यात वरची बोली ज्याची त्याला वस्तू. "बाबा, काही करायचं नसतं. नुसतं थांबायचं," ती म्हणाली. निवृत्त माणसाला हे जमेल असं तिला वाटलं असावं.

फोटो मी काढले. आतला फोटो टाकल्यावर तासाभरात पहिला निरोप आला : 'सुरमई पण सोबत देणार का?' मधल्या कप्प्यात समोरच्या अण्णांची सुरमई होती, ती मला दिसलीच नव्हती. लोकांना मात्र फ्रिजच्या आधी तीच दिसली.

आणि मग थांबण्याचं काम सुरू झालं. मी रोज दुपारी दादरहून लालबागला जायचो, गुडघ्याला हात लावत जिना चढायचो आणि ताईच्या खाटेवर फोन घेऊन बसायचो. खोलीत बांधाबांध चाललेली. ताई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायची, मी निरोप वाचायचो. लिलाव मांडल्यावर बोली लावायची असते, एवढी साधी गोष्ट लोकांना मान्य नसते हे त्या आठवड्यात मला कळलं. लिलाव बंद करून फ्रिज आजच्या आज मिळावा, असं प्रत्येकाचं म्हणणं. 'लास्ट काय?' एवढंच लिहिणारे होते. मी मराठीत पहिलं वाक्य लिहीपर्यंत 'ओके बाय' लिहिणारे होते. एकानं आपण सैन्यात असून तातडीनं बदली झाल्याचं कळवलं. बदली झालेला माणूस दोन दारांचा फ्रिज कशाला विकत घेईल, असं मी विचारल्यावर तो देशसेवेला परत गेला. रे रोडला जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणारा एक व्यापारी रोज फोन करायचा. "साहेब, टेम्पो खालीच उभा आहे. तुम्ही फक्त हो म्हणा." मी खिडकीतून पाहिलं, तर खाली उसाच्या रसाची गाडी होती.

साइटच्या सूचना शेवटपर्यंत वाचणारा मी बहुधा एकटाच. त्यांत लिहिलं होतं, एकदा बोली लागली की मधल्यामध्ये कुणाला विकू नये, आधी बोली लावणाऱ्यावर तो अन्याय होतो. मला हे पटलं. शिवाय माझं एक स्वतःचं तत्त्व तयार झालं होतं. ज्याला घाई आहे, त्याला या वस्तूबद्दल आपल्यापेक्षा काहीतरी जास्त माहीत आहे. म्हणून मी एक उत्तर नीट घासूनपुसून तयार केलं आणि सगळ्यांना तेच पाठवू लागलो : 'आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे. लिलाव मुदतीपर्यंत चालू राहील. कृपया साइटवर बोली नोंदवावी.'

ताईनं ते वाचलं. "फ्रिज विकतोयस की नोकरीचे अर्ज फेटाळतोयस?"

"नियम आहे तसा."

"चांगला आहे. पाळ. मला घाई नाही."

तिला घाई नव्हतीच. एखाद्यानं 'आज नेतो' म्हटलं की ती हातातलं भांडं खाली ठेवायची आणि मी काय उत्तर लिहितो ते बघायची. मी नकार लिहिला की पुन्हा भांडं गुंडाळायला घ्यायची. फ्रिज उचलला जाईल त्या दिवशी आपलं घर संपलं, असा तिचा हिशेब होता. खोली तर कायद्यानं आधीच गेली होती.

मग दादरच्या एका बाईंचा निरोप आला. त्या चर्चजवळच्या गल्लीत राहायच्या, म्हणजे आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. त्यांचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या इथलंच. त्या घरी केक आणि नाताळचा फराळ करून विकायच्या. त्यांचा फ्रिज ऐन मोसमात बंद पडला होता. निरोपात एकही आकडा नव्हता, घासाघीस नव्हती. आधी फोन करू का, एवढंच विचारलं होतं. मी हो म्हटलं. फोन मी घेतला आणि ताईनं काढून घेतला.

"किती जुना आहे, ताई?"

"जुना आहे. पण थंड करतो. वरचा खण जरा जास्तच करतो, भाजीचा कप्पा कमी."

"वास?"

"मासळीचा होता. लिंबू लावून पुसलाय. शेवंतीचा जात नाही."

पलीकडून हसू ऐकू आलं. "माझ्या मिल्क क्रीमच्या वड्यांचे ट्रे राहतील ना? पंधरवड्यात ऑर्डरी आहेत माझ्या. मिळेल की नाही ते कळायला लिलाव संपेपर्यंत थांबणं कठीण आहे हो. आत्ता लागलेल्या बोलीपेक्षा मी वर देते. नेईन मात्र तुम्ही सांगाल त्या दिवशी. तुमची खोली आहे तोवर राहू दे तुमच्याकडेच."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. आठवडाभरात आलेल्या प्रस्तावांत हा एकच असा होता, ज्यात फ्रिज न्यायची घाई नव्हती. हे मला आज दिसतं. तेव्हा मी हातानं नाही नाही अशी खूण केली, कारण त्याच दुपारी बोली अचानक चढायला लागली होती.

म्हणजे काय चढायला लागली होती! तीन दिवस सर्दी झाल्यासारखी रेंगाळलेली बोली एकदम उठून बसली होती. साइटवर बोली लावणाऱ्याचं नाव दिसायचं नाही, एक अक्षर आणि पुढे चांदण्या दिसायच्या. तसे चार-पाच चांदण्यावाले एकमेकांवर तुटून पडले होते. संध्याकाळपर्यंत फ्रिजनं आपल्या नव्या कोऱ्या भावंडांची बरोबरी केली. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, हे विचित्र आहे." मी तिला बाजारपेठेच्या शहाणपणावर दोन शब्द सुनावले. दादरच्या बाईंना माझं घासूनपुसून ठेवलेलं उत्तर गेलं. त्यांनी लिहिलं, 'बरं. दुसरीकडे बघते.'

लिलाव संपला तो रविवारच्या संध्याकाळी. फोनवर फटाके उडाले आणि 'अभिनंदन! आपल्या वस्तूला विजेता मिळाला आहे' असा मजकूर आला. अजून फटाके विझले नव्हते तोच समोरच्या खोलीतले अण्णा दारात उभे. अण्णा मूळचे मालवणकडचे, मंडळाचे जुने कार्यकर्ते, आवाज अजून मांडवातलाच.

"काय, झालो मा लिलाव? ताईच्या फ्रिजाक कमी बोली लागॉक दिलंय काय सांग!"

मी फोन खाली ठेवला. "अण्णा, तुम्ही बोली लावलीत?"

"मियाच एकट्यान न्हय! चौथ्या खोलीतली सून, खालचो केबलवालो, सगळ्यांच्या फोनात ती साइट घालून दिलंय. पैल्यांदा बघलंय तर बोली येकदम भिकारी. म्हटलं, भायरच्या लोकांनी आमच्या मजल्याची अशी किंमत करूची? मगे चढवली."

"आणि जिंकलं कोण?"

"मीच!" अण्णांनी छातीवर हात ठेवला. "शेवटी सुनेक म्हटलं, तू थांब आता, मान माझो."

इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या चाळीत सत्यनारायण झाला की पूजेच्या नारळाचा लिलाव होतो. साधा नारळ, पण त्याला अशी काही बोली चढते की त्यात नारळाची बाग यावी. नारळ हवा म्हणून कोणी बोलत नाही. समोरचा बोलला म्हणून बोलायचं, मंडळाची शान म्हणून बोलायचं. शेवटची बोली ज्याची, त्याला टाळ्या आणि नारळ लगेच मिळतो. पैसे तो पुढच्या वर्षीच्या पूजेपर्यंत सवडीनं देतो आणि कोणी विचारत नाही. या लोकांना आयुष्यात लिलाव म्हणून माहीत होता तो हा. मीही त्याच चाळीत वाढलो होतो. मला हे आधी सुचायला हरकत नव्हती, पण मी साइटच्या सूचना वाचण्यात गुंतलो होतो.

"अण्णा, तुम्हाला फ्रिज हवाय?"

"माका? माझ्या मुलान नवो घेतल्यान, डोंबिवलीक. थंयच जातंव आमी. फ्रिज ताईचोच. मी फक्त बोलीचो मालक."

"अहो, पण पैसे भरावे लागतात!"

"भरतंय ना. पुढच्या गणपतीक."

ताई खाटेच्या कडेवर बसली आणि हसायला लागली. ती क्वचित हसते आणि हसली की तिला खोकला येतो. अण्णा पाणी आणायला म्हणून फ्रिजकडेच गेले.

दुसऱ्या दिवसापासून सगळं ओसरलं. साइटनं कळवलं की विजेत्यानं मुदतीत पैसे भरले नाहीत. दुसऱ्या क्रमांकाला विचारा म्हणे. दुसऱ्या क्रमांकावर चौथ्या खोलीतली सून होती, तिसऱ्यावर केबलवाला. चाळीबाहेरचा पहिला माणूस सहाव्या क्रमांकावर निघाला आणि त्यानं 'फसवता का राव' एवढंच लिहून मला ब्लॉक केलं. रे रोडच्या व्यापाऱ्याला या सगळ्याचा वास लागला असावा. त्यानं आधीच्या निम्म्यावर येऊन पुन्हा टेम्पो खाली उभा केला. या वेळी तो खरंच होता. मी इतका कंटाळलो होतो की द्यावा आणि मोकळं व्हावं असं वाटत होतं. खोली सोडायला थोडेच दिवस उरले होते.

"देऊन टाकू का?" मी विचारलं.

मजल्यावरचे लोक येऊन आपापले डबे घेऊन जात होते. प्रत्येक जण दार उघडून क्षणभर आत बघायचा, आपला डबा कुठला ते विसरल्यासारखा. चौथ्या खोलीतली सून सासूचं इन्सुलिन घेऊन गेली. आता कुठे ठेवणार, असं ताईनं विचारलं तर म्हणाली, "बघू. नव्या जागेत कुणीतरी असेलच." ताईनं दार लावलं. मग मला म्हणाली, "त्या दादरच्या बाईंचा नंबर लाव."

"त्यांनी दुसरा घेतला असेल."

"लाव तर."

मी लावला. त्यांनी घेतला नव्हता. त्याही तसल्याच लिलावांत भटकत होत्या. एका ठिकाणी पैसे भरून बसल्या आणि विक्रेता गायब झाला होता. त्या काही रागावल्या नाहीत, नुसत्या थकलेल्या वाटल्या. मला त्या आवाजाबद्दल एकदम जवळीक वाटली.

"मोठा द्यायचा नाहीये," ताई त्यांना म्हणाली. "पण लहान आहे एक. एका दाराचा. दादरलाच आहे, तुमच्या गल्लीपासून जवळ. ट्रेचं माप सांगा."

मी खाटेवर ताठ बसलो. एका दाराचा दादरचा फ्रिज आमचा होता.

"थांबा हं," ताई फोनवर म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुझ्या फ्रिजची आतली रुंदी किती?"

"ताई, तो आमचा आहे."

"ते मला माहितीये. रुंदी विचारली."

"हिला न विचारता..."

"विचारलंय. सकाळीच. ती म्हणाली, बर्फ धरत नाही, दार नीट लागत नाही, गेला तर सुटले. तुला कधीपासून सांगतेय म्हणाली. तू म्हणे दर वेळी फ्रिजची माहितीपुस्तिका वाचून दाखवतोस."

मी घरी फोन लावला. बायको म्हणाली, "हो, बोललोय आम्ही. ताईंचाच येऊ दे ना. आपला घेऊन बसायचं काय त्यात. आणि अहो, त्या बाईंना 'लिलाव मुदतीपर्यंत चालू राहील' असलं काही लिहू नका." मग ती गेली, आतली रुंदी मोजून आली आणि मला सांगितली. मी ती ताईला सांगितली, ताईनं ती बाईंना सांगितली. ट्रे बसत होते. त्यांचा मोठा ट्रे तिरका घालावा लागणार होता, त्याला त्या तयार होत्या. दाराचं नि बर्फाचं सांगून किंमत ताई आणि त्या बाई यांनीच ठरवली. बोलता बोलता इतक्या पटकन ठरली की मला कळलंही नाही. आठवडाभर मी जे शास्त्र उभं केलं होतं त्याचा कुठेही उपयोग झाला नाही.

ताईचा फ्रिज चाळीतून उतरवताना चौकट पुन्हा काढली. ती परत बसवायची गरज नव्हती, म्हणून सुतारानं ती भिंतीला टेकवून ठेवली. अण्णांनी कठड्यावरून सूचना केल्या, 'उजवीकडे, उजवीकडे' असं सांगताना हात डावीकडे हलवत. टेम्पोत ताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागे, फ्रिजला धरून.

दादरला तो आमच्या स्वयंपाकघरात शिरला तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त जागा त्यानं घेतली. ओट्याच्या टोकाची फळी काढावी लागली. आमचा जुना फ्रिज बाहेरच्या खोलीत, माझ्या वाचायच्या खुर्चीसमोर उभा राहिला, न्यायला कोणी येईपर्यंत. बाई संध्याकाळी आल्या. ठेंगण्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, बरोबर एक हमाल. त्यांनी दार उघडलं, रबरावरून बोट फिरवलं, आत डोकं घालून वास घेतला. चहा घेताना त्यांनी विचारलं, "थंड तर करतोय की. का काढताय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. माझ्याकडे या प्रश्नाचं नीट बांधलेलं उत्तर होतं, पुनर्विकासापासून सुरू होणारं. पण ताई बशी पुसत होती, ती आधी बोलली.

"आमच्या घरात दोन मावत नाहीत."

बायकोनं तिला दुसरी बशी दिली. बाईंनी मान हलवली, त्यांना ते पुरेसं होतं. हमालानं एक बाजू उचलली आणि दुसरीकडे कोण आहे म्हणून पाहिलं. मी गुडघ्याचा विचार केला आणि उठलो.